जुन्या मियाटाचा गिअर पुन्हा खटकन पडावा म्हणून

चार वर्षांपूर्वी इथे न्यू जर्सीत मी १९९२ची माझदा मियाटा घेतली. इंजिन ठणठणीत होतं, कापडी छत नवं होतं, पण गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये कढईतल्या पळीसारखा चारी बाजूंना डुलायचा. तिसरा टाकला की पाचवा, हे क्लच सोडेपर्यंत कळायचं नाही. जास्त वेगात खडखड आणि उन्हाळ्यात गिअरच्या चामडी कव्हराभोवती गरम हवेचा झोत. ओळखीच्या दोघांनी एकच सल्ला दिला: शॉर्ट शिफ्टर बसव, म्हणजे मूठ कमी हलवून गिअर पडेल असा बाजारातला वेगळा दांडा.

तो सल्ला मी तेव्हा ऐकला नाही, याचं मला आजही समाधान आहे. या गाडीला कारखान्यातूनच छोट्या फेकीचा (म्हणजे गिअर टाकताना मूठ थोडीच हलवावी लागते असा), नेमका गिअर मिळालेला आहे. तीस वर्षांत झिजतात ते त्यातले दोन-तीन प्लास्टिकचे आणि रबराचे तुकडे, आणि आटतं ते वाटीभर तेल. ते बदललं की गिअर पुन्हा पहिल्यासारखा होतो. सगळं सामान शॉर्ट शिफ्टरच्या किमतीच्या लहानशा हिश्शात येतं आणि पहिल्यांदा करणाऱ्यालाही एक दुपार पुरते. म्हणून हा लेख आधी दुरुस्तीबद्दल आहे आणि मग सुधारणेबद्दल. हा क्रम उलटा केला तर झिजलेल्या बुशावर, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर, महागडा दांडा बसतो, आणि तोही डुलतो.

गाडीची थोडी ओळख आधी, कारण ती कळली की कामही कळतं. मियाटा पहिल्यांदा लोकांसमोर आली ती फेब्रुवारी १९८९मध्ये, शिकागोच्या ऑटो शोमध्ये. जपानात तिचं नाव युनोस रोडस्टर, युरोपात एमएक्स-५. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी तिच्यासाठी 'जिनबा इत्ताई' ही कल्पना धरली होती, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. (भारतात वाढलेल्या आपल्यासारख्यांना माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा ट्रक आठवतो. ही त्याच घराण्यातली, पण अगदी वेगळ्या स्वभावाची.) गिअरच्या बाबतीत तो एकजीवपणा साध्या रचनेतून येतो. पुढे इंजिन, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यात उतरलेला. मधे केबल नाही, लांब सळ्या नाहीत. तुमच्या तळहातापासून आतल्या सिलेक्टरपर्यंत (गिअर निवडणाऱ्या भागापर्यंत) एकच लोखंडी दांडा आहे. त्यामुळे त्याच्या टोकाला अर्धा मिलिमीटर जरी प्ले (ढिलेपणा) आला, तरी हाताला तो लगेच जाणवतो.

खालची सगळी कृती १९९० ते १९९७च्या पहिल्या पिढीची, पाच गिअरवाली गाडी समोर ठेवून लिहिली आहे. पुढच्या पिढीत काही गाड्यांना सहा गिअरचा वेगळा गिअरबॉक्स आला; तुमच्याकडे तो असेल तर सामान त्याच गिअरबॉक्सचं म्हणून सांगून मागवा.

दुखणं नक्की कुठे आहे?

हात काळे करण्याआधी दहा मिनिटं यासाठी द्या. गिअर नीट पडत नाही याची किमान तीन वेगवेगळी कारणं असतात आणि दांडा उघडून त्यातलं एकच बरं होतं.

इंजिन बंद ठेवा, क्लच दाबा आणि पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. मग इंजिन सुरू करून, गाडी उभी ठेवून तेच करा. बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात किंवा दाते वाजतात, असं झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. या गाडीत त्याचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून घेऊन क्लच सोडवणारी नळकांडी. त्याच्या रबरी टोपीची कड उचलून बघा. आत ओलं असेल तर तो गळतोय. क्लचच्या तेलाची पातळीही पुन्हा पुन्हा खाली जात असेल. ते काम आधी करा. दांड्याला हातही लावू नका.

फक्त सकाळी, गाडी थंड असताना दुसरा गिअर जड जातो आणि दहा मिनिटांनी सुधारतो, असं असेल तर बहुधा गिअरबॉक्सचं तेल जुनं झालंय. थंडीत पहिली काही मिनिटं दुसरा हट्टी असणं हा या गाडीचा जुना स्वभावच आहे. तेल बदलल्यावर तो बराच निवळतो, पण पूर्ण जात नाही. उगाच दांडा रेटू नका.

ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की दांडा आपणहून पुढेमागे हलतो का, तेही बघा. मियाटात गिअरबॉक्सला स्वतःचा वेगळा माउंट, म्हणजे टेकायला रबरी आधार, नाही. तो एका लांब ॲल्युमिनियमच्या चौकटीने मागच्या डिफरन्शियलला (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीला) जोडलेला आहे. त्यामुळे इंजिनाचे किंवा डिफरन्शियलचे रबर बसले की अख्खी साखळी हलते आणि तिच्यावर उभा असलेला दांडाही.

उरलं काय? गिअरमध्ये असूनही दांडा इकडेतिकडे ढिला, न्यूट्रलमध्ये मरगळलेला, खडखडाट, केबिनमध्ये गरम हवा, कधी तेलाचा वास. ही सगळी लक्षणं दांड्याच्या बुशाची आणि फाटलेल्या रबरी बुटाची, म्हणजे दांड्याभोवतीच्या रबरी आवरणाची. हे दुखणं आपण घरी बरं करू शकतो.

आत काय असतं

दांड्याच्या मधोमध एक गोळा असतो. हा गोळा गिअरबॉक्सच्या डोक्यावरच्या एका छोट्या विहिरीत बसतो. इंग्रजी मॅन्युअलमधल्या शब्दावरून सगळे तिला टरेट म्हणतात. गोळ्यावर प्लास्टिकची बैठक, तिच्यावर लाटेसारखा वाकवलेला स्प्रिंगचा वायसर, आणि वरून प्लेट. तो वायसर गोळ्याला सतत हलकं दाबून धरतो म्हणून दांडा खडखडत नाही. गोळ्याच्या खाली दांडा पुढे जातो आणि त्याच्या टोकावर नायलॉनचा एक छोटा बुश असतो, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. तो बुश सिलेक्टरच्या वाटीत बसतो. तुम्ही वर डावीकडे ढकललं की टोक खाली उजवीकडे जातं.

माझ्या गाडीतला बुश बाहेर आला तेव्हा तो पिवळसर-तपकिरी झाला होता आणि एका बाजूने नखासारखा पातळ. दाबला तर कट्कन दोन तुकडे झाले. नवा बुश पांढराशुभ्र, दांड्याच्या टोकावर घट्ट. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा डुलणाऱ्या दांड्याचं सगळं कोडं उलगडलं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट तेलाची. टरेटमध्ये गिअरबॉक्सचं तेल वर येत नाही. तिथलं तेल वेगळं भरावं लागतं, ८० ते ९५ मिलिलिटर. वर्षानुवर्षं ते झिरपून जातं आणि गिअरबॉक्सचं तेल बदलणाऱ्या कित्येक मेकॅनिकना या विहिरीची आठवणही होत नाही. मी उघडली तेव्हा तळाशी काळपट चिखलासारखा थर होता, तेल जवळजवळ नव्हतंच.

सामान

टोकाचा बुश, लाटेचा वायसर, गोळ्याची बैठक, खालचा छोटा रबरी बूट आणि वरचा मोठा रबरी बूट. हे सगळं एकत्र किट म्हणूनही मिळतं. छोटा बूट धड दिसत असला तरी बदला. तो काढताना बहुतेक वेळा फाटतोच. माझदाने २०१७मध्ये जपानात या पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली, त्यामुळे तीस वर्षं जुन्या गाडीच्या मानाने सुटे भाग मिळणं बरंच सोपं आहे.

तेल ७५डब्ल्यू-९०, आणि डब्यावर जीएल-४ लिहिलेलं. यावर मी आग्रही आहे. दुकानदार जीएल-५ पुढे करेल आणि 'त्याहून वरचं आहे' म्हणेल. डिफरन्शियलसाठी ते ठीक. पण त्यातली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना आतल्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत, आणि आपण ज्या गिअरची काळजी घ्यायला बसलोय त्याचा प्राण त्या रिंगांतच आहे.

हत्यारं घरातलीच: फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२च्या सॉकेटसह रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन, टोकदार पक्कड, टॉर्च, धागे न सुटणाऱ्या चिंध्या, आणि औषधाच्या दुकानातली ६० मिलिलिटरची सिरिंज, तिला पुढे जोडायला वितभर प्लास्टिकची नळी. स्क्रू ठेवायला मी जुन्या इडलीपात्राची ताटली वापरतो. प्रत्येक खळग्यात एका जागचे स्क्रू, डावीकडून काढण्याच्या क्रमाने. परत बसवताना उजवीकडून सुरुवात करायची. चार वर्षांत एकही स्क्रू उरलेला नाही.

उघडणं

गाडी सपाट जागी उभी करा आणि दोन तास थंड होऊ द्या. दांडा ज्या मधल्या उंचवट्यातून वर येतो, त्याच्या खालूनच एक्झॉस्ट जातो. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. ही फक्त सांगायची गोष्ट नाही. दांडा निघाल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून ठेवता येत नाही, आणि दोन सीटांमधला कन्सोल (प्लास्टिकचा खोका) काढताना हँडब्रेकला धक्का लागू शकतो. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवा.

आधी मूठ. चिंधीने धरून डावीकडे फिरवा, आट्यांवरून निघून येते. मग कन्सोल. स्क्रू लपलेले आहेत: ॲशट्रे काढल्यावर तिच्या खाली, मागच्या झाकणाच्या कप्प्यात, आणि पुढच्या बाजूला दोन्हीकडे पायांजवळ. खिडक्या बटणाच्या असतील तर बटणं कन्सोलमध्येच आहेत. म्हणून कन्सोल एकदम ओढू नका. हँडब्रेक पूर्ण वर घ्या, कन्सोल मागून थोडा उचला, आत हात घालून बटणांचे प्लग सोडा आणि मगच बाहेर काढा. प्लगची खटकी दाबून सोडायची असते. वायरला धरून ओढलं तर तीस वर्षांचं प्लास्टिक तुटतं.

आता मोठा रबरी बूट दिसेल, चार बोल्टवर. तो काढण्याआधी आजूबाजूची सगळी धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. वाळू, पानांचा चुरा, कुजलेला स्पंज, सगळं. पुढच्या पायरीला गिअरबॉक्सचं तोंड उघडणार आहे आणि तिथे पडलेला खडा पुन्हा सापडत नाही. मोठा बूट दांड्यावरून वर काढा. खाली छोटा बूट आणि तीन बोल्टवर बसलेली प्लेट. इथे थांबून वरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढा.

तिन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सोडा, कारण खाली स्प्रिंगचा दाब आहे. मग दांडा हलकासा झुलवत सरळ वर ओढा. किंचित चिकटल्यासारखा वाटेल आणि चप् आवाज करून सुटेल. चिंधी हाताशी ठेवा, टोकावरून तेल ठिबकतं.

तुकडे, चिखल आणि नवा बुश

दांड्याच्या टोकाला जुना बुश आहे का बघा. नसेल तर तो खाली वाटीतच राहिलाय. टॉर्च लावा, टोकदार पकडीने अलगद उचला. तुटलेला निघाला तर तुकडे जुळवून पूर्ण गोल होतो का, ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे मी ठासून सांगतोय, कारण माझी चूक इथेच झाली. दोन तुकडे निघाले, मी समाधान मानलं. तिसरा, भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा, वाटीच्या तळाला काळ्या तेलात चिकटून राहिला होता. सगळं बसवायला गेलो तर प्लेट दोनेक मिलिमीटर वरच राहत होती. मी जोर करून बोल्ट आवळले असते तर प्लेट वाकली असती किंवा ॲल्युमिनियमचे आटे गेले असते. पुन्हा दांडा काढला, सिरिंजने उरलेलं तेल ओढलं, वाटी चिंधीने पुसली आणि तो तुकडा बोटाला लागला. तेव्हापासून नियम ठरवला: प्लेट हाताने दाबून जवळजवळ टेकली पाहिजे. टेकत नसेल तर खाली काहीतरी चुकलंय.

जुनं तेल आणि चिखल सिरिंजने ओढून घ्या, भिंती पुसून काढा. पेट्रोल किंवा सॉल्व्हंट आत ओतू नका. ते खाली सीलपर्यंत जातं. दांडा मात्र बाहेर मनसोक्त धुवा आणि गोळ्यावर बोट फिरवून बघा. गुळगुळीत हवा. ओरखडा किंवा गंजाचा खड्डा लागला तर बारीक पॉलिश कागदाने घासा. खोल असेल तर दांडाच बदलावा लागेल.

नवा बुश टोकावर घट्ट जातो. कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवा, पुसून कोरडा करा आणि अंगठ्याने सरळ दाबा. हातोडी नको. मग नवीन तेल सिरिंजने टरेटमध्ये सोडा. ६० मिलिलिटरची एक पूर्ण सिरिंज आणि दुसरी साधारण अर्धी, म्हणजे नव्वदच्या आसपास. भरायचं म्हणून काठोकाठ भरू नका, दांडा आत गेला की तेल वर येतं.

गोळ्यावर आणि बैठकीवर बोटभर ग्रीस लावा, फोटोत होतं त्याच क्रमाने भाग चढवा आणि दांडा सरळ खाली सोडा. टोक वाटीत शिरलं की हाताला एक मऊ टक् जाणवते. प्लेट दाबून बघा, टेकली की तिन्ही बोल्ट हाताने आटे धरेपर्यंत फिरवा, मग आळीपाळीने आवळा. लहान बोल्ट, मऊ धातू. रॅचेट डोक्याजवळ धरून मनगटाच्या जोराने जेवढं होईल तेवढं पुरे.

कन्सोल चढवण्याआधी मूठ तात्पुरती लावा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. प्रत्येक गिअरला स्वतःची जागा असल्यासारखं वाटलं पाहिजे आणि सोडल्यावर दांडा तिसऱ्या-चौथ्याच्या मधे उभा राहिला पाहिजे. चावी ऑनला करून रिव्हर्स टाका, मागचा पांढरा दिवा लागतोय का कुणाला तरी बघायला सांगा. मग छोटा बूट कडेने सगळीकडे नीट बसलाय का, ते बोटाने फिरवून तपासा. गरम हवा आणि आवाज अडवतो तो हाच. त्यावर मोठा बूट, मग कन्सोल, बटणांचे प्लग विसरू नका.

जमलं तर त्याच आठवड्यात गिअरबॉक्सचं तेलही बदला, सुमारे २ लिटर लागतं. गाडी चारही स्टँडवर समतल हवी. आधी बाजूचा, भरायचा प्लग सुटतो का बघा आणि मगच खालचा उघडा. तेल सांडून गेल्यावर भरायचा प्लग जाम निघाला तर गाडी तिथेच अडकते.

आता शॉर्ट शिफ्टरचा विचार

महिनाभर अशी चालवा. त्यानंतरही फेक लांब वाटत असेल तर शॉर्ट शिफ्टर घ्या, पण तो काय करतो हे समजून. हा साधा तरफेचा हिशेब आहे. समजा गोळ्याच्या वरचा दांडा २४ सेंटिमीटर आणि खालचा ६. खालचं टोक १ सेंटिमीटर हललं तर मूठ ४ सेंटिमीटर फिरते. खालचा भाग ७.५ केला तर मूठ ३.२ फिरेल. फेक २० टक्के कमी झाली, पण जोर २५ टक्के जास्त लागणार. आकडे उदाहरणाचे, गणित मात्र कुठल्याही दांड्याला तेच. सिलेक्टरची वाटी जागची हलत नाही, म्हणून खालचा भाग लांबवायचा तर गोळाच वर उचलावा लागतो. त्यासाठी खाली स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी कडी, येतो, आणि स्पेसरचा जोड नीट बंद झाला नाही तर तेल तिथून गळतं.

सिंक्रो रिंग घर्षणाने दोन फिरत्या भागांचा वेग जुळवते आणि त्याला क्षणभर लागतो. छोट्या फेकीने हात लवकर पोचतो, रिंगेला मात्र तेवढाच वेळ हवा असतो. दुसऱ्या गिअरची रिंग आधीच थकलेली असेल तर घाईने ती लवकर संपते, आणि ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवून पूर्ण खोलावा लागतो. म्हणून ज्यांची गाडी रोज बाजारहाटाला आणि ऑफिसला जाते त्यांना मी हा खर्च सुचवत नाही. ट्रॅकवर नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

मूठ बदलणं मात्र मला मनापासून आवडतं. जड मूठ एकदा हलली की स्वतःच्या वजनाने पुढे जाते, त्यामुळे गिअर शेवटच्या खाचेत ओढल्यासारखा पडतो. आतल्या कशालाही धक्का लागत नाही आणि नाही आवडली तर दोन मिनिटांत जुनी परत. आटे एम१० गुणिले १.२५चे आहेत, तेच मागा. एम१० गुणिले १.५ची मूठ दोन फेरे जाईल आणि अडकेल. तिला जबरदस्ती केली तर दांड्याचे आटे जातात. पूर्ण धातूची मूठ जुलैच्या उन्हात छत उघडं ठेवून उभ्या केलेल्या गाडीत हात भाजवते, हे मी अनुभवाने सांगतो. मी शेवटी वरून चामडं शिवलेली, आत पोलादाचा गोळा असलेली मूठ घेतली. ती हातात बसते आणि जानेवारीच्या गारठ्यातही बोटं आखडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून गिअरबॉक्सच्या खाली थेंब पडलाय का ते बघा. कोरडा असेल तर सावकाश निघा आणि पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर घाई न करता टाका. माझ्या गाडीत पहिल्यांदा फरक कळला तो घराजवळच्या चढावर, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना. दांडा मी फक्त सुरुवातीला ढकलला, पुढचं त्याने स्वतः केलं.